लोकलच्या गर्दीतही ऐकू येणारी रिंगटोन घरीच कशी बनवावी

आपल्याजवळच्या गाण्याच्या फाइलमधून रिंगटोन कापणे हे फार तर अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. मात्र विरार फास्टच्या डब्यात किंवा दादरच्या पुलावर आपला फोन वाजल्याचे आपल्याला कळावे, अशी अपेक्षा असेल तर गाण्याचा कोणता तुकडा घ्यायचा, याचा विचार आधी करावा लागतो.

फाइल एमपी३, वेव्ह यांसारख्या साध्या प्रकारातली असावी. स्ट्रीमिंग ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी सहसा त्या ॲपपुरतीच कुलूपबंद असतात, त्यामुळे ती येथे चालत नाहीत. विकत घेतलेली फाइल, जुन्या सीडीवरून उतरवलेले गाणे किंवा घरच्या गणपतीच्या आरतीचे स्वतः केलेले रेकॉर्डिंग उत्तम. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०१९ मध्ये मोबाइलची घंटा वाजण्याची मुदत ३० सेकंद ठरवली, त्यामुळे त्याहून लांब तुकड्याचा काही उपयोग नाही.

फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खर्जातले आवाज पेलत नाहीत. ढोलाचा किंवा पखवाजाचा घुमारा हेडफोनवर कितीही भरदार वाटला तरी फोनवर त्याची नुसती टपटप उरते. याउलट ताशा, सनई, झांज, पेटी आणि वरच्या पट्टीतला गळा गर्दी भेदून कानापर्यंत पोहोचतो. सुरुवातीचा हळुवार आलाप कितीही आवडता असला तरी त्याचा मोह टाळावा, कारण तो संपेपर्यंत समोरचा माणूस फोन ठेवून देतो.

कापण्यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्यावे. फाइल उघडून हवा तो भाग माउसने निवडावा आणि स्पेसबार दाबून तो पुन्हापुन्हा ऐकावा. रिंगटोन संपली की फोन ती पहिल्यापासून वाजवतो, म्हणून तुकडा समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनातल्या पहिल्या मात्रेवर, सुरू करून पुढच्या एखाद्या समेच्या अगदी आधी संपवावा. केहरवा या तालाच्या आठ मात्रांची पूर्ण आवर्तने घेतली की सांधा कळतसुद्धा नाही. त्यानंतर ‘झेड’ हे बटण दाबले असता निवडीची दोन्ही टोके ध्वनिलहर शून्यावर येते त्या जागी सरकतात आणि कापल्याजागी येणारा ‘टक्’ असा आवाज टळतो. मग कंट्रोल व ‘टी’ दाबून बाकीचा भाग काढून टाकावा. सम साधत नसेल तर शेवटच्या सेकंदाला फेड आउट द्यावे, म्हणजे आवाज हळूहळू विरत जाऊ द्यावा. सुरुवातीला आवाज हळूहळू चढवणारे फेड इन मात्र देऊ नये.

आवाज वाढवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी खालचे, खर्जातले आवाज गाळणारा ‘हाय-पास फिल्टर’ साधारण २०० हर्ट्झवर लावावा आणि नंतर ‘नॉर्मलाइझ’, म्हणजे सर्वांत मोठा आवाज ठरावीक पातळीवर आणणे, उणे १ डेसिबलवर करावे. ध्वनिलहरीची बरीच उंची खर्जानेच व्यापलेली असते. तो काढून टाकला की उरलेला आवाज न फाटता वर उचलता येतो. हेडफोनवर हे किरटे वाटेल, पण परीक्षा फोनच्या स्पीकरची आहे.

अँड्रॉइडसाठी एमपी३ म्हणून एक्स्पोर्ट करून ती फाइल फोनमधल्या ‘रिंगटोन्स’ फोल्डरमध्ये टाकावी आणि सेटिंग्जमधल्या ‘साउंड’ या भागातून निवडावी. आयफोनवर आयओएस २६ असेल तर ३० सेकंदांच्या आतली फाइल ‘फाइल्स’ ॲपमध्ये ठेवून शेअरच्या यादीतून थेट रिंगटोन करता येते. जुन्या आवृत्तीत तीच फाइल गॅरेजबँड या मोफत ॲपमध्ये आणून तिथून ‘रिंगटोन’ म्हणून शेअर करावी लागते.

शेवटी फोन रोजच्या पिशवीत टाकून, चेन लावून, घरातल्या दुसऱ्या फोनवरून रिंग द्यावी. पिशवीतून आवाज दबका आला तर फिल्टर ३०० हर्ट्झपर्यंत चढवून पुन्हा नॉर्मलाइझ करावे. तरीही भागले नाही तर गाण्यातला दुसरा तुकडा निवडावा.