एसी वाजतोय? आधी आवाज रेकॉर्ड करा

सांगलीत एप्रिल लागला की एसीचा मिस्त्री लवकर मिळत नाही, आणि तो दारात आला की आवाज हटकून गप्प होतो. म्हणून आवाज येईल तेव्हाच मोबाइलवर रेकॉर्ड करून त्याला पाठवा. तोवर एवढं बघा:

१. खडखड: एसी बंद करून आतल्या युनिटची जाळी (फिल्टर) काढा, धुवा, वाळल्यावर खटक्यात नीट बसवा. बाहेरच्या युनिटच्या स्टँडचे नटही ढिले होतात.

२. गुडगुड, आत पाणी टपकतंय: पाणी बाहेर सोडणारा पाइप तुंबलाय. कुंड्यांसाठी पाणी साठवायला बादली लावली असेल, तर पाइपचं तोंड पाण्यात बुडलेलं नको. बऱ्याचदा तेवढंच कारण असतं.

३. सुरू-बंद करताना टकटक: प्लॅस्टिक तापतं-निवतं. सोडून द्या.

४. सतत फुसफुस आणि गारवा कमी: गॅस गळत असेल. नुसता गॅस भरून घेऊ नका, आधी गळती शोधायला लावा.

५. बाहेरचा पंखा फिरत नाही, नुसती घरघर: लगेच बंद करा. बहुतेक कपॅसिटर (पंखा सुरू करणारा, वीज साठवून ठेवणारा भाग) गेलेला असतो.

बाहेरचं युनिट मात्र स्वतः उघडू नका. मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरचा झटका बसू शकतो.