साथीत घरी पेशंट असेल तर काय करायचं, आणि शेजाऱ्यांनी काय करायचं

राज्यातले पहिले दोन कोरोना पेशंट ९ मार्च २०२० ला आपल्या पुण्यातच सापडले, नायडू हॉस्पिटलला ॲडमिट झाले, पुढचं सगळं आपण भोगलंय. परत श्वासातून पसरणारी साथ आली तर ऐनवेळी डोकं चालत नाही, म्हणून आत्ताच वाचून ठेवा.

पहिली गोष्ट, पेशंट लपवायचा नाही. आणि सोसायटीने त्या घरावर लपवायची वेळ आणायची नाही, मला तर हे औषधाच्याही आधीचं वाटतं. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घ्यायचे, माणसं उचलून न्यायचे, म्हणून लोक आजारी माणसं लपवायला लागले. कोरोनात सोजीर नव्हते पण शेजाऱ्यांच्या नजरा होत्याच, मग साधा सर्दीखोकला आहे म्हणत लोक टेस्ट टाळत राहिले आणि काहीजण हॉस्पिटलला पोचले तेव्हा ऑक्सिजन पार खाली गेलेला.

तर सोसायटीच्या ग्रुपवर कोणाकडे पेशंट आहे हे कळलं की पहिला मेसेज "काय आणून देऊ?" हाच पाहिजे. दूध, किराणा, औषधं दाराबाहेर स्टुलावर ठेवायची, आणि हे काम नाव घेऊन एकाकडेच द्या, नाहीतर दहा जण विचारतात आणि दूध कोणीच आणत नाही. मुलं परदेशात आणि आजी-आजोबा इथे एकटे अशी घरं आपल्याकडे खूप आहेत, त्यांना सकाळ-संध्याकाळ फोन कराच. कामाच्या मावशींना सुट्टी द्या पण पगार कापू नका प्लीज. पेशंटचे मास्क, टिश्यू वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून त्यावर लिहा, कचरा वेचणाऱ्या ताई तो हातानेच वेगळा करतात.

घरात पेशंटची खोली वेगळी, खिडक्या उघड्या, आत जाताना दोघांच्याही तोंडावर एन-९५. टॉयलेट एकच असेल तर पेशंटने सगळ्यांच्या शेवटी जायचं आणि नंतर एक्झॉस्ट चालू ठेवायचा. भांडी साबणाने धुतली की झालं.

आता ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचं मशीन, इथे नीट लक्ष द्या. नेलपेंट काढा, मेंदीचं बोट सोडा, हात गार असेल तर चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसवा आणि आकडा स्थिर झाल्यावरच वहीत वेळेसकट लिहा, दिवसातून तीन-चारदा. ९४ च्या खाली गेला की लगेच डॉक्टरला फोन. आकडा चांगला असेल आणि दम लागत नसेल तर सहा मिनिटं घरातल्या घरात चालवून परत बघा, तीन-चारने उतरला तरी डॉक्टरला कळवायचं. सावळ्या त्वचेवर मशीन कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून आकड्यासोबत माणसाकडेही बघा. धाप, छातीत दाब, असंबद्ध बोलणं, ओठ निळसर, यातलं काहीही दिसलं तर आकडा बघत बसायचं नाही, सरळ १०८ लावा. गाडी येईपर्यंत जमत असेल तर पालथं झोपवा, कोरोनात त्याने बऱ्याच जणांचा ऑक्सिजन सुधारायचा.

फॉरवर्ड आलेलं प्रिस्क्रिप्शन मेडिकलमध्ये दाखवून औषधं आणू नका. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही. स्टेरॉइडचं तर फार सांभाळा, ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये २०२० साली डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने जीव वाचले ते ऑक्सिजन लागलेल्या पेशंटचे, ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. वर शुगर भडकते, आणि दुसऱ्या लाटेत म्युकर (काळी बुरशी) झालेल्यांत डायबेटिसवाले किती होते ते आठवा.

एक पिशवी आधीच भरून ठेवा: आधार आणि विम्याची झेरॉक्स, चालू गोळ्यांची यादी, जुने रिपोर्ट, चार्जर, चष्मा, कवळीची डबी. आणि घरच्यांचे नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्यात टाका, कारण वॉर्डात नातेवाइकांना सोडत नाहीत आणि पेशंटचा फोन बंद पडला तर सिस्टरना कोणाला कळवायचं तेच समजत नाही.