पेडलचा जॅक बदलताय? मग या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात नाशिकला गंगापूर रोडवर मित्राकडे तालीम होती. माझ्या ओव्हरड्राइव्ह पेडलचा, म्हणजे गिटारचा आवाज खरबरीत करणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डबीचा इनपुट जॅक (गिटारच्या केबलची पिन जिथे खुपसतात तो) आठवडाभर आधी मीच बदलला होता आणि घरी अडॅप्टरवर तो झकास वाजलाही होता. नेमका त्या दिवशी अडॅप्टर घरी राहिला. म्हटलं, आत कोरी बॅटरी आहे, काळजी नाही. गिटारची पिन लावली, स्विच दाबला, तर एलईडीसुद्धा लागेना. बॅटरी पार उतरलेली.

चूक शंभर टक्के माझी. गिटारचा सिग्नल मोनो, म्हणून मी मोनो जॅक आणला. पण बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक पेडलांचा इनपुट जॅक मुद्दाम स्टिरिओ असतो. मोनो जॅकमध्ये दोनच जोड असतात: टिप (पिनेच्या टोकाचा, सिग्नलचा) आणि स्लीव्ह (पिनेच्या दांड्याचा, ग्राउंडचा म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेचा). स्टिरिओ जॅकमध्ये या दोन्हींच्या मध्ये तिसरा जोड असतो, रिंगचा. त्याच्या रिंगला आवाजाशी देणंघेणं नाही, ती चालू-बंदचं बटण आहे. बॅटरीची काळी वायर रिंगच्या पायाला जोडलेली असते. मोनो पिन आत गेली की तिचा लांब स्लीव्ह जॅकच्या रिंगला आणि स्लीव्हला एकदमच टेकतो, बॅटरीला ग्राउंड मिळतो आणि पेडल जागं होतं. पिन काढली की बंद. माझ्या मोनो जॅकला रिंगच नव्हती. काळी वायर उरली, ती मी बिनदिक्कत ग्राउंडला चिकटवली, म्हणजे पेडल रात्रंदिवस चालूच. साधा ओव्हरड्राइव्ह ५ मिलिअँपिअर खातो असं धरा. ५०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी त्याला १०० तास पुरते, चार दिवस आणि वर थोडं. आउटपुटला मात्र साधा मोनो जॅक चालतो.

तीन पाय दिसले म्हणजे जॅक स्टिरिओच, असंही समजू नका. मोनो जॅकलाही तिसरा पाय असू शकतो. तो स्विचचा असतो आणि पिन लावली की टिपपासून सुटतो. एम. जी. रोडला काउंटरवर जॅक हातात आला की मी आता तिथेच मल्टिमीटर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप देणारा मीटर) काढतो. पिन न लावता टिप आणि तिसरा पाय यांच्यात बीप आली तर तो स्विचचा मोनो, परत द्यायचा. स्टिरिओ जॅकमध्ये रिकामेपणी कुठेच बीप येत नाही, पण सुटी मोनो पिन खुपसली की रिंग आणि स्लीव्ह एकमेकांशी बोलू लागतात. हवा तसा जॅक मिळालाच नाही, तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरायचं आणि लोकलने ग्रँट रोडला जाऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठायचा. वीस-तीस रुपयांच्या मालासाठी एवढा प्रवास हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि मी तो केलाय.

पण जॅक बदलायची खरंच गरज आहे का, ते आधी बघा. आपल्याकडे पावसाळी हवेत जॅकच्या पत्र्यांवर काळपट थर चढतो आणि खरखर सुरू होते. दुसरी केबल लावा, नट आवळा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब पिनेला लावून ती दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. निम्मी दुखणी इथेच बरी होतात.

उघडायचंच ठरलं तर वायरी कापण्याआधी फोटो काढा. पेडल पालथं घातलं की डावं-उजवं उलटतं. वरून बघताना बहुतेक पेडलांत इनपुट उजवीकडे असतो, झाकण काढल्यावर तो डावीकडे दिसतो. इथे गफलत झाली तर लक्षण ठरलेलं: ट्रू बायपासवर (इफेक्ट बंद असताना सिग्नल सर्किटला वगळून थेट बाहेर जातो तेव्हा) गिटार व्यवस्थित ऐकू येते आणि इफेक्ट लावला की सगळं चिडीचूप. असं झालं की लोक सर्किट जळलं म्हणून हळहळत बसतात.

जॅक सर्किट बोर्डावरच बसवलेला असेल तर घाई नको. जुनं सोल्डर सुटेना म्हणून ओढलं की खालचं तांबं उपटून हातात येतं. उलट त्यावर थोडं ताजं सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचं रसायन) घाला, मग ते वितळतं आणि पंपाने किंवा विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) ओढून घेता येतं. नवा जॅक आधी डबीत बसवून नट आवळायचा आणि मगच सोल्डर मारायचं. उलट क्रम केला तर नट आवळताना सगळा ताण जोडांवर येतो.

वायरीच्या जॅकला सोल्डर मारताना त्यात एक जुनी पिन घालून ठेवा. प्लास्टिक मऊ पडलं तरी पत्रे जागचे हलत नाहीत. जोड चकचकीत दिसला पाहिजे. तो दाणेदार, मळकट दिसला तर पुन्हा तापवा. वायर थंड होईपर्यंत हलवू नका, फुंकरही नको.

उघड्या धातूच्या जॅकऐवजी बंद प्लास्टिकचा बसवला आणि डबीला हात लावला की गुणगुण वाढते, अशी तक्रार असेल तर डबीचा ग्राउंड तुटलाय. आधी जॅकची धातूची मानच डबीला ग्राउंड देत होती. आता डबीला वेगळी वायर द्यावी लागेल.

आतून जॅक आणि डबीच्या मध्ये दातेरी वॉशर हवाच. तो टाकून दिला की जॅक गोल फिरतो आणि महिनाभरात वायर तुटते. नट आवळताना आतला जॅक बोटाने धरा आणि बाहेरून पाना फिरवा, पकडीने नटाचे कोपरे गोल होतात. शेवटी पिन लावून आत वाकून बघा: टिपचा पत्रा पिनेमुळे बाहेर सरकतो आणि कधी कधी थेट डबीच्या भिंतीला किंवा झाकणाला टेकतो. झाकण उघडं असताना आवाज येतो आणि लावलं की जातो, त्याचं कारण बहुधा हेच. तिथे आतून इन्सुलेशन टेपचा एक तुकडा लावला की भागतं.