फोटो पानावर बसवायचा, चिकटवायचा नाही

आमच्या घरी चिकट पानांचा, वर प्लास्टिक असलेला एक जाडजूड अल्बम होता. गेल्या पावसाळ्यात आज्जीचा लग्नातला फोटो त्यातून सोडवायला गेले, तर अर्धी नऊवारी पानालाच राहिली. तेव्हापासून स्क्रॅपबुकच्या, म्हणजे फोटो लावून सजवलेल्या आठवणींच्या वहीच्या, पानावर मूळ फोटोला गोंदाचं बोट लावायचं नाही, असं ठरवून टाकलं.

पहिलं काम कात्रीचं नाही, शोधाशोधीचं. जुन्या फोटोची मागची बाजू बघा. स्टुडिओचा शिक्का असेल तर आपल्या बेळगावच्या सीमाभागात तो पंचांगासारखा उपयोगी पडतो. मुंबई राज्य असा पत्ता असेल तर फोटो बहुधा १९५६ च्या आधीचा. म्हैसूर राज्य असेल तर १ नोव्हेंबर १९५६ नंतरचा आणि १९७३ च्या आसपासपर्यंतचा, कारण त्या वर्षी राज्याचं नाव कर्नाटक झालं. बेळगावचं बेळगावी सरकारी कागदावर आलं २०१४ मध्ये. अर्थात जुना शिक्का वर्षानुवर्षं वापरणारेही असतात, म्हणून हा अंदाजच समजा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. फोटोत उजवीकडून तिसरी कोण, हे सांगणारं माणूस नेहमी असतंच असं नाही.

मूळ फोटो ६०० डीपीआयवर (स्कॅन किती बारीक हवं त्याचं माप) स्कॅन करून घ्या. पानावर लावायला प्रिंट, मूळ प्रत पाकिटात. हे जमत नसेल तर मूळ फोटोच लावा, पण खाली सांगते तसे कागदी कोपरे करून.

पानासाठी १२ बाय १२ इंचाचं जाड कार्डशीट घ्या. ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेलं, मिळालं तर उत्तम. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो, तो फोटोला लागून नकोच. एवढ्या पानावर ४ बाय ६ चे तीन फोटो पुरे. पाचवा घुसवला की पान लग्नाच्या बॅनरसारखं दिसायला लागतं. एक फोटो मोठा ठेवा, बाकीचे त्याच्या आधाराला. सगळं आधी नुसतं मांडा, मोबाईलवर एक फोटो काढा आणि चहा पिऊन आल्यावर परत बघा. जे खटकतं ते तेव्हा दिसतं.

आता कोपरे. ४ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद कागदी पट्टी आडवी धरा. वरची दोन्ही टोकं मागच्या बाजूला, खालच्या कडेच्या मध्यावर येतील अशी दुमडा. त्रिकोणी खिसा तयार होतो. असे चार करून फोटोच्या कोपऱ्यांवर चढवा आणि खिशाच्या फक्त मागच्या बाजूला ग्लू स्टिक लावून पानावर दाबा. फोटो हवा तेव्हा निघतो. पांढरा पातळ गोंद वापरू नका, पान लाटेसारखं वाकतं.

सजावट त्या दिवसाचीच असावी. राजहंसगडाच्या सहलीच्या पानावर बसचं तिकीट छान दिसतं, पण मशीनमधून निघालेल्या तिकिटाची अक्षरं उडून जातात, म्हणून त्याची झेरॉक्स लावा. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या पानाला भगव्या कागदाची एकच पट्टी बस्स. लग्नाच्या पानाला खणाचा किंवा इरकलीच्या काठाचा तुकडा लावायचा मोह होतोच. लावा, पण रंग सुटतोय का ते ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा आणि तुकडा फोटोपासून बोटभर लांब ठेवा. चमकी मात्र माझ्या घरात बंद आहे. ती फोटोवर ओरखडे काढते आणि आठवडाभर आमटीतही सापडते.

मजकूर पानावर लिहा, फोटोच्या मागे बॉलपेनने नको. दाब पडून चेहऱ्यावर वळ उमटतो. नाव, गाव, वर्ष आणि घरात बोलतो तसं एखादं वाक्य. आज्जीच्या पानावर मी लिहिलंय, ‘बसताना पाय दुखत होते म्हणून तोंड असं.’ तिचंच वाक्य.

पान भिंतीवर लावायचं असेल तर फ्रेमवाल्याला माउंट, म्हणजे काच आणि फोटोमध्ये अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, काच फोटोला टेकता कामा नये. दमट हवेत फोटो काचेला चिकटतो. खानापूरकडचा पाऊस माहीत असलेल्यांना जास्त सांगायला नको. ऊन येणारी आणि पावसात ओल धरणारी अशा दोन्ही भिंती सोडा. आमच्याकडे मग स्वयंपाकघराच्या दाराशेजारची एकच भिंत उरली. तिथे फोडणीचा धूर येतो, म्हणून शेवटी आज्जी माजघरातच बसली.