मी उठते की उठवते? फ्रेंचमध्ये दिनक्रम सांगताना

फ्रेंच शिकायला लागून तीन महिने झाले होते. क्लासमध्ये सराव म्हणून तोंडी परीक्षा घेतली आणि समोरच्या बाईंनी सगळ्यांना विचारतात तोच प्रश्न मला विचारला, तुमचा दिवस कसा जातो? याची तयारी मी आठवडाभर केली होती. म्हटलं, 'झ रेव्हेय आ सीझर.' मी सहा वाजता उठते.

बाईंनी वर पाहिलं. 'की?' म्हणजे कोणाला? मला वाटलं, तुला उठवतं कोण असं विचारतायत. मी म्हटलं, 'मा मेर', माझी आई. त्यांनी मान हलवली. मी पुढे, 'झ लाव्ह आ सेतर', सातला अंघोळ. 'व्होत्र मेर?', तुमची आई?, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, अजून मघाचंच चाललंय, म्हणून 'वी', हो, म्हणून मोकळी झाले. शेवटी 'झ कुश आ ओंझर', अकराला झोपते. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, 'एल ए मालाद?'

मालाद म्हणजे आजारी, एवढं मला येत होतं. मी घाबरून 'नों, नों' करत राहिले. मग त्यांनी मराठीतून समजावलं की मी आत्ता त्यांना काय सांगितलं : मी रोज सहाला आईला उठवते, सातला तिला अंघोळ घालते आणि अकराला तिला झोपवते. माझी आई साताऱ्याला धडधाकट होती, रोज माझ्या आधी उठून पाणी भरत होती. घरी जाताना बसमध्ये माझा चेहरा गरम झाला होता आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. आजही कोणी 'झ रेव्हेय' म्हणून थांबलं की माझ्या पोटात कालवतं.

वर्तमानकाळाचे प्रत्यय तुम्हाला येत असणार, ते मी पुन्हा सांगत बसत नाही. एकच सांगते, 'पार्ले' म्हणजे बोलणे, त्याच्यासारख्या क्रियापदाची सहापैकी चार रूपं कानाला एकसारखीच लागतात, फरक दिसतो तो लिहिताना. बोलण्याच्या परीक्षेत त्याचं ओझं घेऊ नका. खरा घात करतो तो कर्ता आणि क्रियापद यांच्या मधला इवलासा 'म'. झ म रेव्हेय. झ म लाव्ह. झ म कुश. तो गाळला की वाक्य नुसतं अपुरं राहत नाही, अर्थच वेगळा होतो. म्हणून तर समोरचा माणूस तुम्हाला थांबवत नाही, वेगळाच अर्थ घेऊन पुढे जातो.

आमच्या क्लासमध्ये हा 'म' शिकवताना सांगितलं गेलं की याचा अर्थ 'स्वतःला'. मी स्वतःला उठवते, मी स्वतःला झोपवते. असं मराठीत कोण बोलतं? मला ते कधीच आपलं वाटलं नाही, म्हणून मी पाठ केलं, आणि पाठ केलेलं घाईत गळून पडलं. त्यात मी डोक्यात आधी इंग्रजी वाक्य बनवायची आणि मग त्याचं फ्रेंच करायची. इंग्रजीत उठणे आणि उठवणे यांना एकच शब्द चालतो, धुणे आणि अंघोळ करणे यांना एकच, थांबणे आणि थांबवणे यांनाही एकच. मग 'म'ची गरज इंग्रजीतून दिसणार कुठून?

मराठीतून पाहा. आपल्याकडे उठणे–उठवणे आहे, झोपणे–झोपवणे, फिरणे–फिरवणे, थांबणे–थांबवणे, बसणे–बसवणे. शाळेत प्रयोजक क्रियापद म्हणून आपण हे शिकलोय. फ्रेंचमध्येही हीच जोडी आहे, फक्त ती उलट्या बाजूने बांधलेली आहे. मराठीत साधा शब्द स्वतःसाठी; दुसऱ्याला करायचं असेल तर त्यात 'व' घालायचा. फ्रेंचमध्ये साधा शब्द दुसऱ्यासाठी. स्वतः करायचं असेल तर पुढे 'स' जोडायचा; 'मी'बरोबर हाच 'स' आपला 'म' होतो. 'कुशे' म्हणजे झोपवणे, 'स कुशे' म्हणजे झोपणे. 'प्रोमने' म्हणजे कुत्र्याला फिरवणे, 'स प्रोमने' म्हणजे आपण फिरणे. 'आरेते' म्हणजे थांबवणे, 'सारेते' म्हणजे थांबणे. 'आबिये' म्हणजे मुलाला कपडे घालणे, 'साबिये' म्हणजे आपण कपडे करणे. ज्या दिवशी मी वहीत 'उठवणे'समोर साधा शब्द आणि 'उठणे'समोर 'स'वाला शब्द असं लिहून काढलं, त्या दिवसापासून माझा 'म' गळायचा बंद झाला. ही गोष्ट मला कुठल्याच वर्गात कोणी सांगितली नाही याचं अजून वाईट वाटतं, कारण ती सांगायला पाच मिनिटं लागतात.

आणि एक लक्षात घ्या, हा प्रकार तुम्हाला पहिल्या दिवसापासून येतो. 'झ मापेल' म्हणून आपण नाव सांगतो ना? 'आपले' म्हणजे हाक मारणे, फोन करणे. त्यात 'म' आला की 'माझं नाव अमुक' होतं. पहिल्या तासाला सगळे हे बिनचूक म्हणतात आणि तिसऱ्या महिन्यात 'म' विसरतात.

आता दुसरी बाजू, कारण मी तिथेही पडले. त्या परीक्षेनंतर पंधरा दिवस मी दिसेल त्या क्रियापदाला 'म' लावत सुटले. 'झ म माँझ' म्हटलं, म्हणजे मी स्वतःला खाते. मराठीच्या जोडीचा नियम सगळीकडे चालत नाही. खाणे–भरवणे ही आपली जोडी आहे, पण 'माँझे' हा साधा शब्दच खाण्यासाठी आहे. 'सोर्तीर' तर कर्म न घेता बाहेर पडणे आणि कर्म घेऊन बाहेर काढणे, दोन्हींसाठी 'स'शिवायच येतो : 'झ सोर' मी बाहेर पडते, 'झ सोर ला व्वातूर' मी गाडी बाहेर काढते. नाश्ता करणे, चहा पिणे, कामाला जाणे, घरी परतणे यांना 'म' लागत नाही. दिनक्रमात 'म' लागणारी क्रियापदं फार तर दहा-बारा भरतात. ती एका पानावर मावतात, उरलेल्यांना हात लावू नका.

दात घासायला आणि हात धुवायलाही मराठीच कामाला येते. 'मी माझे दात घासते' असं आपण म्हणत नाही, दात आपलेच असणार. फ्रेंचही तेच मानतं : 'झ म ब्रॉस ले दाँ', 'झ म लाव्ह ले मँ'. इंग्रजीवरून आलेली मुलं तिथे 'मे दाँ', 'मे मँ', म्हणजे माझे दात, माझे हात, करतात. तसंच 'मी दोन वर्षांपासून शिकतेय'. मराठीत वर्तमानकाळ, फ्रेंचमध्येही 'दप्वी', म्हणजे 'पासून', लावून वर्तमानकाळ. 'शिकते' आणि 'शिकतेय' हा आपला फरक मात्र तिथे सोडून द्या, दोन्हींना एकच रूप चालतं. माझं ठाम मत आहे की मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी फ्रेंचसाठी आधी इंग्रजी सुधारा हा सल्ला ऐकूच नये. मी ऐकला आणि माझं एक वर्ष त्यात गेलं.

तयार परिच्छेद पाठ करण्याबद्दलही सांगते. 'माझा दिनक्रम' या नावाची पंधरा ओळींची झेरॉक्स जवळपास प्रत्येक बॅचमध्ये फिरते. अकरावी-बारावीला गुणांसाठी फ्रेंच घेतलेल्यांच्या वहीत ती हमखास असते. लेखी परीक्षेत ती तारून नेईलही. पण डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेत ए१ या पहिल्या पातळीच्या तोंडी परीक्षेचा पहिला भाग म्हणजे थेट गप्पा असतात, त्याला तयारीचा वेळ नसतो. दहा मिनिटं मिळतात ती पुढच्या दोन भागांसाठी. मध्येच कोणी 'आणि रविवारी?' विचारलं की पाठ केलेलं सगळं कोसळतं. झेरॉक्स फाडून टाका, मी गंभीरपणे सांगतेय. आणि घाबरूही नका : पूर्ण परीक्षेचे ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार विभाग, प्रत्येकी २५ गुण, १०० पैकी ५० ला पास, फक्त प्रत्येक विभागात किमान ५ हवेत. एका गळलेल्या 'म'ने कोणी नापास होत नाही.

सुरुवातीला फ्रेंच माणूसच गाठून बोलायचा हट्ट मला पटत नाही. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते माझ्या एकच पातळी पुढे असलेल्या, चिंचवडहून येणाऱ्या एका मुलीने. तिचे पाय जिथे घसरले होते ती जागा तिला ताजी आठवत होती. प्रश्न ऐकायचे कसे हेही तिनेच शिकवलं. 'स लव्हे' म्हणजे अंथरुणातून उठणे. 'व्हू व्हू लव्हे आ केलर?', तुम्ही किती वाजता उठता?, यातला दुसरा 'व्हू' ऐकून मला वाटायचं, समोरचा अडखळला. तो अडखळत नाही. पहिला 'व्हू' म्हणजे 'तुम्ही', दुसरा आपल्या 'म'च्या जागेवरचा. 'नू नू लव्हों', आम्ही उठतो, तसंच. नकार देताना 'न' 'म'च्या आधी येतो, 'झ न म लेव्ह पा', मी उठत नाही. आणि 'मी झोपायला जाते' म्हणताना मागून येणाऱ्या मूळ रूपातही 'म'च राहतो, 'झ व्हे म कुशे'. तिथे 'स कुशे' ठेवणं ही बी१ या वरच्या पातळीला पोचलेल्यांचीही चूक आहे, गेल्या महिन्यात माझ्याकडूनही झाली.

वारांचंही एक सांगून टाकते, तोंडी परीक्षेत ते हमखास येतं. 'लँदी' म्हणजे हा सोमवार, 'ल लँदी' म्हणजे दर सोमवारी. दिनक्रम सांगताना तो 'ल' हवा. वेळ सांगताना नऊचा उच्चार बदलतो, 'नफ' नाही, 'नव्हर'. तो कानाने पकडा.

सरावासाठी घरातलं एखादं लहान मूल किंवा म्हातारं माणूस डोळ्यासमोर ठेवा. माझ्या ताईचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, सुट्टीत तो माझ्याकडे असतो. सकाळी मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने बोलते : 'झ म लेव्ह', मी उठले. 'झ ल लेव्ह', त्याला उचलून उभं केलं. 'झ म ब्रॉस ले दाँ', 'झ लुई ब्रॉस ले दाँ', त्याचे दात घासले. बेसिनपाशी तो ब्रश तोंडात धरून माझ्याकडे बघत असतो. 'झ माबीय', 'झ लाबीय', एक बाही माझी, एक बाही त्याची. आता त्यालाही ते तोंडपाठ झालंय. परवा ताईचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, उठला का रे? तर तो म्हणाला, 'झ म लेव्ह.' 'म' बरोबर जागेवर होता.