रात्री किचनमध्ये उभ्याने खाणाऱ्या मैत्रिणींसाठी

रात्री ११ वाजता लाइट न लावता किचनमध्ये उभ्याने बिस्किटं खाल्लीयेत कधी? आवाज होऊ नये म्हणून पुड्यात हळूच हात घालायचा, आणि रिकामा पुडा कचऱ्यात पार तळाशी दाबायचा. मी कितीतरी वर्षं हेच केलंय आणि दर वेळी वाटायचं, आपल्याला मेलीला जरासुद्धा कंट्रोल नाही.

तर पहिलं सांगणं हे की सुरुवात आरशापासून करू नका. स्वतःवर प्रेम करा वगैरे सगळेच सांगतात, पण उपाशीपोटी ते जमत नाही हो. सुरुवात सकाळच्या खाण्यापासून करा, कारण दिवसभर मन मारून जे खाल्लेलं नसतं ना, त्याची उधारी शरीर रात्री वसूल करतं.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण पुरुषांवर एक प्रयोग झाला, त्यांना २४ आठवडे रोज साधारण १,६०० कॅलरीच दिल्या, म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणींच्या डाएटपेक्षा जास्तच! तरी ते ताटं चाटायला लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, सारखे खाण्याचेच विचार, आणि पुढे पोटभर मिळायला लागलं तरी कित्येकांचं समाधानच होईना. त्यांना कुणी हावरट म्हणेल का? मग स्वतःला का म्हणता?

म्हणून दर ३-४ तासांनी काहीतरी नीट खा. खूप वर्षं डाएट केलं असेल तर भूक कळतच नाही नीट, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे सरळ घड्याळ बघून खायचं. ते बसलं की मग तुमच्या "बंद" लिस्टमधला एकच पदार्थ घ्या, प्लेटमध्ये काढा, लाइट लावून खुर्चीत बसून खा. (डायबेटिस किंवा दुसरं पथ्य असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.) पहिल्यांदा जास्त खाल्लं जाईल, घाबरू नका. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते, काल जास्त झालं म्हणून आज नाश्ता नको असं मनात येतंच, आणि तिथेच खायचं, कारण तो नाश्ता सोडला की चक्र पुन्हा चालू.

वजनकाटा माळ्यावर टाका. पाणी, मीठ, पाळीचे दिवस एवढ्यानेच एक-दोन किलो इकडेतिकडे होतं, आणि त्या आकड्यावर आपण अख्खा दिवस खराब करतो. बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजायचं, सूत्रसुद्धा १८३० च्या दशकात केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने लोकसंख्येची सरासरी काढायला मांडलं होतं, एकेका बाईची तब्येत ठरवायला नाही.

आता आरसा. आवडलंच पाहिजे अशी सक्ती नको, "हे माझं पोट" एवढंच म्हणून पुढे जायचं. आणि ती जीन्स, बारीक झाल्यावर घालीन म्हणून ठेवलेली, ती देऊन टाका. मी दिली तेव्हा रडले खरं सांगते, पण दुसऱ्या दिवशी कपाट उघडताना छातीत धस्स झालं नाही. आत्ताच्या मापाचे, कंबरेला वळ न उठवणारे दोन कपडे घ्या आधी. आणि मुलींसमोर "किती जाडी झालेय मी" म्हणणं आजपासून बंद, त्या सगळं ऐकत असतात.

मात्र खाऊन उलटी काढत असाल, जुलाबाच्या गोळ्या घेत असाल, पाळी बंद झाली असेल किंवा चक्कर येत असेल तर हे घरगुती उपाय पुरणार नाहीत, डॉक्टर आणि समुपदेशक दोघांना गाठा, वजन कितीही असो, कारण खाण्याशी जोडलेले हे आजार बारीक दिसणाऱ्यांनाच होतात असं मुळीच नाही. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून न्या, आयत्या वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. आणि तिथे वजन करायला लावलं तर आकड्याकडे पाठ करून उभं राहता येतं, मला आकडा सांगू नका असं आधीच सांगून ठेवा.