या चुका टाळा: डेटाबेस, आरडीएफ आणि निओफोरजे जोडताना

पाणीटंचाईचा आपल्याकडचा डेटा म्हणजे टँकरच्या फेऱ्या, अधिग्रहित विहिरी, पाणीपातळी, पाऊस, आणि प्रत्येक टेबल वेगळ्याच माणसानं बनवलेलं. ते पोस्टग्रेस या डेटाबेसमधे ठेवून ऑनटॉपसारख्या टूलनं आरडीएफमधे (म्हणजे प्रत्येक माहिती तीन भागांच्या छोट्या वाक्यात, ट्रिपलमधे) बघायचं आणि स्पार्कल या आरडीएफच्या क्वेरी भाषेनं एकत्र विचारायचं, हे जमण्यासारखं आहे आणि मराठवाड्यासाठी लई कामाचं पण आहे. पण बरेच जण अडकतात ते एकाच ठिकाणी, क्वेरी चालते, एरर येत नाही, आणि उत्तर एकतर रिकामं येतं नाहीतर चुकीचं. मग लोक टूल बदलत बसतात. टूल बदलायच्या आधी ओळख बघा, म्हणजे कोणत्या ओळीला कोणता आयआरआय (आरडीएफमधली वेबपत्त्यासारखी ओळख) दिलाय ते.

गावाचं नाव आयआरआयमधे टाकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पिंपळगाव, वडगाव, धानोरा ही नावं किती तालुक्यांत सापडतात ते आपल्याला माहितीच आहे. मॅपिंगच्या (टेबलातून आरडीएफ कसं बनवायचं त्या नियमांच्या) टेम्प्लेटमधे गावाच्या नावाचा कॉलम टाकला की सगळे पिंपळगाव मिळून एकच नोड (ग्राफमधली एक वस्तू) होतो, त्याला पाच तालुक्यांच्या विहिरी चिकटतात आणि कुठंच एरर येत नाही, कारण आरडीएफच्या हिशेबानं आयआरआय सारखा म्हणजे वस्तू एकच. मग लोक पुढं जिल्ह्याचं नाव जोडतात, पण त्यानं पण भागत नाही: लातूर 1982 ला उस्मानाबादमधून निघाला, हिंगोली 1999 ला परभणीतून, आणि 2023 ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, म्हणजे जुन्या फाइलीतलं आणि नव्या फाइलीतलं तेच गाव दोन नोड होणार. जनगणना 2011 चा गावकोड नाहीतर एलजीडी (सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा) कोड, यातला एक निवडा आणि तोच आयआरआयमधे टाका. दुसरा कोड प्रॉपर्टी म्हणून ठेवा, कारण दोन्ही सारखेच असतील असं धरता येत नाही आणि दुसऱ्या खात्याचा डेटा कोणत्या कोडनं येईल सांगता येत नाही. नाव फक्त लेबलमधे.

लेबलवर शोधताना अजून एक: ‘ऱ’ हे अक्षर एकाच युनिकोड कोडनं पण टाइप होतं आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन कोडनं पण, दिसायला डिट्टो सारखं पण तुलनेत वेगळं. पोस्टग्रेस 13 पासून अशी रूपं एकसारखी करणारं नॉर्मलाइज फंक्शन आलंय, मॅपिंगच्या एसक्यूएलमधेच ते लावून टाका.

‘निरंक’ आणि रिकामा कॉलम

आरटूआरएमएल हे मॅपिंगचं स्टँडर्ड 2012 चं आहे, त्यात नियम स्पष्ट आहे की कॉलम नल (रिकामा) असेल तर त्याचं ट्रिपलच बनत नाही. म्हणून पाणीपातळी न भरलेलं गाव साध्या क्वेरीतून आख्खंच गायब होतं. तिथं स्पार्कलचं ऑप्शनल (माहिती नसली तरी ओळ ठेव) वापरा. आणि फिल्टर नॉट एक्झिस्ट्स लावून ‘या गावांना टँकर लागला नाही’ असा निष्कर्ष तर बिलकुल काढू नका, त्याचा अर्थ फक्त नोंद नाही एवढाच. टंचाईच्या कामात हा फरक म्हणजे खऱ्याखुऱ्या माणसांच्या पाण्याचा प्रश्न आहे.

आकडे व्हारचार (मजकुराच्या) कॉलममधे असले तर वेगळीच पंचाईत. पाऊस पन्नासपेक्षा कमी असं विचारलं की स्ट्रिंग आणि आकड्याची तुलना होत नाही, स्पार्कल ती ओळ गुपचूप टाकून देतं आणि तुम्ही बसता उत्तर का येईना म्हणून. एसक्यूएलमधे कास्ट करा (मजकुराचा आकडा करा), पण कॉलममधे ‘निरंक’, ‘-’ नाहीतर देवनागरी आकडे असले की पोस्टग्रेस एरर देतं, म्हणून आधी साफसफाई. निरंक म्हणजे शून्य का माहिती नाही, हे ज्यानं भरलं त्यालाच विचारा, स्वतः ठरवू नका.

हळू चालायलंय

प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलाच्या ओळीचा दुवा) नसतील तर ऑनटॉपला फालतूचे जॉइन काढून टाकता येत नाहीत, तेच टेबल स्वतःलाच परत परत जोडलं जातं. एक्सेलमधून आणलेल्या टेबलांना की नसतातच, त्या लावा. डेटाबेसशी जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर वेगळा आणून ऑनटॉपच्या फोल्डरमधे टाकावा लागतो. आणि ऑनटॉप फक्त वाचतं, बदल करायचा तर डेटाबेसमधेच.

निओफोरजेमधे नेताना

निओफोरजे हा ग्राफ डेटाबेस. त्यात निओसिमँटिक्स प्लगइननं आरडीएफ आत घेताना आधी रिसोर्सच्या यूआरआयवर (आयआरआयचंच इथलं नाव) युनिक कन्स्ट्रेंट (तोच यूआरआय दोनदा नको हा नियम) लावा, मगच कॉन्फिग इनिट (सेटिंगची सुरुवात) करा. डिफॉल्ट सेटिंगमधे एका प्रॉपर्टीला अनेक किमती असतील तर शेवटची राहते, आधीच्या जातात, आणि भाषेचा टॅग पण राहत नाही, म्हणजे गावाचं मराठी आणि इंग्रजी अशी दोन लेबलं दिली तर एकच उरतं. मल्टीव्हॅल्यू (अनेक किमतींची सेटिंग) अ‍ॅरेवर करा आणि लँग्वेज टॅग ठेवा असं सांगा, आणि हे पहिल्या इम्पोर्टच्या आधी, नंतर सेटिंग बदलायला ग्राफ रिकामा करावा लागतो.

टँकरची फेरी कधी झाली, किती लिटर, ही माहिती निओफोरजेमधे रिलेशनशिपवर (दोन नोडमधल्या जोडणीवर) ठेवता येते, साध्या ट्रिपलवर नाही. म्हणून फेरीलाच स्वतंत्र नोड करा, दोन्हीकडं चालतं. इम्पोर्ट झाल्यावर गावांची एकूण आणि तालुकानिहाय संख्या एसक्यूएलमधे, स्पार्कलमधे आणि सायफरमधे (निओफोरजेची क्वेरी भाषा) काढून बघा. जिथं आकडा कमी आला तिथं बहुतेक दोन पिंपळगाव एक झालेत, जास्त आला तर एकाच गावाचे दोन आयआरआय झालेत.